तुम्ही विचारलंत म्हणून : सोडायचाच, तर पकडता कशाला?

पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर संध्याकाळी बोट धूत असताना हा प्रश्न मला दर हंगामात दहा-बारा वेळा तरी विचारला जातो, आणि विचारणारी माणसे बहुधा मराठी असतात. सेल्युलर जेल पाहून झालेले असते, प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला अजून अवकाश असतो, म्हणून ती पाण्याच्या कडेने फिरत येतात आणि माझे फोनवरचे मालवणी बोलणे कानावर पडले की थांबतात. (शहराचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले, आमच्या तोंडी अजून जुनेच बसले आहे.) मग बोटीवरचे रॉड, नारळाएवढी रिळे आणि वीतभर लांबीचे रंगीत लाकडी मासे न्याहाळून, आज काय मिळाले, असे विचारतात. मी सांगतो की सकाळी पंचवीस किलोचा एक मिळाला आणि दुपारी त्याहून जरा लहान एक. ‘दाखवा की!’ दोन्ही सोडून दिले, असे म्हटले की समोरच्या चेहऱ्यावर जे उमटते त्याला अविश्वास म्हणावे की कीव, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ‘अहो, सोडायचाच होता, तर पकडलात कशाला?’

जेट्टीवर उभ्या उभ्या मी सांगतो की माझ्या बोटीवर गळाने मोठे मासे पकडायला येणाऱ्या पाहुण्यांना मासा नको असतो, झुंज हवी असते. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. पहिल्याच हंगामात वडिलांनी फोनवर हेच विचारले होते: ‘सोडूचो आसा, तर पकडलंस कित्याक?’ आमच्या घरात तीन पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली गेली आहे, त्यामुळे त्यांना झुंजीची गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना द्यायला हवे होते ते उत्तर थोडे लांब आहे.

आधी माशाविषयी. आम्ही ज्याच्यासाठी जातो तो जायंट ट्रेव्हली, म्हणजे आपल्याकडच्या कोकरासारख्या ट्रेव्हली माशांतला सर्वांत मोठा. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात या कुळातल्या माशांना कोकारी म्हणतात. गळाने पकडलेल्या जायंट ट्रेव्हलीचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे आणि तो २००६ मध्ये जपानच्या कागोशिमाजवळ नोंदला गेला. आमच्या बोटीवर वीस किलोचा मासा आला तरी पाहुण्याचे हात थरथरतात. मोठे नर कधीकधी अंगभर कोळशासारखे काळे होतात. हा मासा खोल पाण्यात लपून बसत नाही. प्रवाळाचा खडक चाळीस मीटरांवरून एकदम आठ-दहा मीटरांवर चढतो त्या कड्यावर, जिथे प्रवाह आदळून पाणी उकळल्यासारखे दिसते, तिथे तो लहान माशांची वाट अडवून उभा असतो. आपण पॉपर, म्हणजे तोंडाशी खोलगट केलेला लाकडी मासा, पन्नास-साठ मीटर लांब फेकायचा आणि झटके देत ओढायचा. प्रत्येक झटक्याला तो ‘भक्’ असा आवाज करून पाणी उडवतो. अशा तीनशे फेकी केल्यावर एखाद्या फेकीमागे पाण्याला फुगवटा येतो आणि पुढच्या क्षणी आंघोळीची बादली फेकल्यासारखा आवाज होतो. त्यानंतरची पहिली दहा सेकंदे सगळे ठरवतात. मासा सरळ खाली, खडकाकडे धावतो आणि दोरी प्रवाळाला एकदा घासली की संपले. म्हणून दोरी शंभर पौंडांची लावायची, पुढचा नायलॉनचा तुकडा त्याच्या दुपटीच्या जवळपास ताकदीचा, आणि रिळाचा ब्रेक असा आवळायचा की कच्चा माणूस ओढला जाऊन कठड्यावर आपटावा. मी त्या वेळी पाहुण्याच्या कमरेचा पट्टा मागून धरून उभा असतो. मार्गदर्शक या शब्दाला शोभेल असे हे काम दिसत नाही, पण दिवसातला बराच भाग याच अवस्थेत जातो.

आमचा हंगाम मालवणच्या हंगामाला समांतर चालतो, पण वेगळ्या घड्याळावर. दिवाळी आटोपून मी निघतो. नोव्हेंबर हा अविश्वासाचा महिना असतो: ईशान्य मोसमी वारे सुरू झालेले असतात, अंदमान समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात वादळे तयार होण्याचा हाच काळ असतो, आणि विमानाने आलेले पाहुणे बंदरातला धोक्याचा बावटा पाहत हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते खेळत बसतात. डिसेंबर-जानेवारीत वारा येतो, पण एका दिशेने येतो, म्हणून बेटांच्या पश्चिमेच्या आडोशाला काम होते. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत समुद्र तेलासारखा पडतो आणि तेव्हा आम्ही लांबच्या, बॅरन बेटाच्या बाजूच्या फेऱ्याही करतो. हे भारतातले एकमेव जागृत ज्वालामुखीचे बेट पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. राखेच्या काळ्या उतारासमोर उभे राहून पॉपर फेकताना सगळ्यांत बडबड्या पाहुणाही गप्प होतो, हा माझा अनुभव आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी अंदमानात पोहोचतो. त्याच्या कितीतरी आधी मी बोट वर ओढून मालवणला परतलेला असतो.

अंदमानातले घड्याळ शिकायला मला दोन हंगाम लागले. घड्याळाची वेळ भारताचीच, पण बेटे इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि एप्रिलात पहाटे पाचला उजेड झालेला असतो. भरतीचा आमचा घरचा हिशेबही तिथे कुचकामी ठरला. कोकणात लहान मुलालाही ठाऊक असते की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते; चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पहिल्या आठवड्यात मी याच भरवशावर पाहुण्यांना एका खडकावर नेले आणि तीन तास आम्ही मेलेल्या पाण्यात फेकी करत बसलो. त्या पाहुण्यांनी तक्रार केली नाही, पण टीपही दिली नाही. आता मी भरतीचे छापील कोष्टक पाहतो आणि त्याहून अधिक आमच्या तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडे, पाहतो. तो मायाबंदरकडचा, करेन जमातीचा आहे. त्याचे पूर्वज १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून इथे आणून वसवले गेले. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या पश्चिम बाजूचे प्रवाळ मीटरभर उचलून उघडे पडले आणि पोर्ट ब्लेअरकडची जमीन खचली, त्यामुळे जुन्या माणसांच्या खुणा जिथे चुकतात तिथे त्याच्या वडिलांनी नव्याने शोधलेल्या खुणा उपयोगी पडतात. त्याला करेन येते, मला मालवणी. आमचा सगळा व्यवहार अंदमानी हिंदीत आणि पुष्कळसा हातवाऱ्यांनी चालतो. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ कुठल्या कड्यावर किती वाजता लागेल हे तो पाण्याचा रंग पाहून सांगतो, आणि भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत सरळ म्हणतो की आज झोपा.

आता प्रश्नाकडे वळतो. हा मासा साठ सेंटिमीटरांच्या आसपास आणि तीन-चार वर्षांचा झाल्यावर प्रजननक्षम होतो. मीटरभर लांबीचा मासा त्याहून कितीतरी वर्षे जगलेला असतो. हवाई बेटांजवळ या माशांवर ध्वनिसंकेत देणारी यंत्रे बसवून जे अभ्यास झाले, त्यांत दिसले की ते बऱ्याच अंशी आपापल्या जागेला धरून राहतात आणि प्रजननाच्या वेळी ठरावीक ठिकाणी जमतात. याचा अर्थ माझ्यासारख्या माणसासाठी फार साधा आहे. एखाद्या कड्यावरचे पाच मोठे मासे मी मारले, तर तो कडा पुढच्या आठवड्यात आपोआप भरत नाही. आणि माझ्याकडे विकायला कड्याखेरीज दुसरे काही नाही. तोच मासा बाजारात एकदा विकला जातो. पाण्यात राहिला तर त्याच्यासाठी पुढच्या वर्षी सिंगापूरचा किंवा पुण्याचा कोणीतरी पुन्हा विमानाचे तिकीट काढतो. यात दया किती आणि हिशेब किती, असे विचाराल तर हिशेब अधिक आहे, हे मी मान्य करतो. दुसरे असे की प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठू शकते. ते सूक्ष्म शेवाळातून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्यांत चढत जाते, शिजवून नष्ट होत नाही, आणि माशाला पाहून किंवा चाखून कळत नाही. तेव्हा पंचवीस किलोचा कोकर ताटात घ्यावा, असे मी माझ्या शत्रूलाही सुचवणार नाही. चवीच्या बाबतीतही, खरे सांगायचे तर, दोन किलोच्या पिल्लापुढे तो थोराड काहीच नाही.

पण सोडणे म्हणजे पाण्यात टाकून देणे नव्हे, आणि माझे खरे काम तिथे सुरू होते. पाहुणा बोटीवर चढला की मी आधी त्याचे गळ मागून घेतो, तीन नख्यांचे असतील तर काढून एकेरी लावतो आणि पकडीने गळाचा उलटा काटा चेपून टाकतो. यावर वाद होतात. दोन लाखांचे सामान घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या गळाचा काटा कोणी चेपलेला आवडत नाही. झुंज मुद्दाम लांबवू देत नाही, कारण दमलेल्या माशाच्या अंगात जे आम्ल साचते ते त्याला नंतर मारते. बोटीशी आला की शेपटीच्या देठाला आणि पोटाखाली हात घालून आडवा धरायचा, जबड्याला लटकवायचा नाही, ओल्या हातांनीच स्पर्श करायचा आणि छायाचित्राला एका श्वासाएवढा वेळ द्यायचा. पाहुण्याला मी सांगतो: तुम्ही श्वास रोखून धरा, तुम्हाला गुदमरले की माशालाही गुदमरले आहे. मग प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात धरून ठेवायचे. कल्ले उघडझाप करू लागतात, शेपटीत हळूहळू जोर येतो, आणि एका क्षणी तो हाताला हिसडा देऊन स्वतः जातो. तोपर्यंत सोडायचे नाही, मग दीड मिनिट लागो की दहा.

तरीही सगळे मासे जगत नाहीत आणि हे पाहुण्यांपासून लपवण्यात अर्थ नाही. एकदा एका वयस्क गृहस्थांनी पस्तीस मिनिटे झुंज दिली. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मासा होता आणि दोरी मी हातात घ्यावी हे त्यांना मान्य नव्हते. मी आग्रह धरायला हवा होता, धरला नाही. मासा हातातून गेला, दहा-बारा हातांवर जाऊन कलंडला आणि आम्ही बोट वळवेपर्यंत खालून एक मुशी, म्हणजे शार्क, आली. गृहस्थ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून वीस मिनिटांनंतर दोरी कोणाच्या हातात असेल हे मी सकाळीच, किनाऱ्यावर ठरवून घेतो. खोल पाण्यात जिगने, म्हणजे तळाकडे सोडून वर-खाली हलवायच्या धातूच्या माशाने, पकडलेल्या गोबरा आणि तांबोशी या माशांची गोष्ट आणखी वेगळी आहे. साठ-सत्तर मीटरांवरून वर येताना दाब कमी होऊन त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, जठर तोंडावाटे बाहेर येते, आणि असा मासा पाण्यावर सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही, तरंगत राहतो आणि घारी त्याचे डोळे काढतात. त्याला सोडून देणे ही स्वतःची समजूत काढणे आहे. म्हणून आमच्या बोटीवर जिगिंगला मर्यादा आहे: जेवणापुरते दोन मासे मिळाले की जिग पेटीत.

वडिलांना हे सगळे मी एका गणपतीत, मासळी बंद असलेल्या दिवसांत, नीट सांगितले. ते ऐकत होते. रापणीचे दिवस त्यांनी पाहिले आहेत, आणि पर्ससीन जाळी (माशांचा अख्खा थवा घेरून तळाशी आवळली जाणारी) व एलईडी दिवे लावणाऱ्या बोटी आल्यावर ती रापण रिकामी येतानाही पाहिली आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि रात्री मालवणच्या किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहिले की त्या बंदीची अवस्था डोळ्यांना दिसते. त्यामुळे कडा रिकामा होणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की आम्ही लहान मासा सोडायचो आणि मोठा घरी आणायचो, तुझे उलटे आहे. मी म्हटले, मोठा मासाच पुढची पिल्ले देतो. त्यावर ते म्हणाले, ‘ता माका ठावक आसा. पण तेका गळान दुखता काय नाय, ता सांग.’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी त्यांना काटा चेपलेला गळ दाखवला. त्यांनी तो अंगठ्यावर टेकवून पाहिला आणि परत दिला.

जेट्टीवरच्या मंडळींचा यानंतर एक प्रश्न हमखास येतो: मग रात्री तुम्ही जेवता काय? जिगला काही लागले नसेल, आणि पुष्कळदा लागत नाही, तर बोट धुऊन, रिळांवर गोडे पाणी मारून झाले की मी आणि तांडेल जंगलीघाटच्या मासळी बाजारात जातो. तिथे एक तेलुगू बाई आम्हाला ओळखते. तिला ठाऊक आहे की आम्ही सकाळपासून समुद्रावर होतो आणि दोनशे लिटर पेट्रोल जाळून आलो आहोत. दोन किलोची कोकारी तराजूत टाकताना ती दरवेळी भाव थोडा चढा सांगते, आणि आम्ही घासाघीस करायला लागलो की आमच्या रिकाम्या हातांकडे बोट दाखवते.