पैसे देणारा पहिला अनोळखी माणूस

सकाळी आमच्या स्टार्टअपला पेमेंट आल्याचं नोटिफिकेशन आलं. नाव अजिबात ओळखीचं नाही. आतापर्यंतचे ग्राहक म्हणजे मित्र, मित्रांचे मित्र, जुने सहकारी. त्यांनी पैसे प्रॉडक्टसाठी दिले की आमच्याकडे बघून, हे कळायला मार्गच नव्हता. या माणसाने स्वतः शोधलं, ट्रायल घेतली, कार्ड टाकलं. को-फाउंडरला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचं उत्तर, "टेस्ट अकाउंट नाही ना?" (इंजिनिअर लोकांना आनंदसुद्धा आधी तपासून घ्यावा लागतो.)

दुपारी मेल. ज्या मोठ्या कंपनीचा पायलट (आधी छोट्या प्रमाणावर वापरून बघण्याचं काम) आम्ही जवळजवळ पक्का धरला होता, त्यांचं बजेट पुढच्या तिमाहीवर गेलं. रनवेची, म्हणजे हातातल्या पैशांत किती महिने निघतील याची, शीट उघडली. बँकेतली शिल्लक भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, गणित एवढंच. पण येणाऱ्या रकमेच्या जागी शून्य टाकलं आणि काही महिने एका झटक्यात उडाले.

"चिकाटी सोडू नका" असं सगळे सांगतात. कशाची चिकाटी, ते कुणी सांगत नाही. स्टुअर्ट बटरफिल्डच्या टीमने 'ग्लिच' हा गेम २०१२ मध्ये बंद केला, आणि काम करताना स्वतःसाठी बनवलेलं चॅटचं साधन पुढे 'स्लॅक' हे ऑफिसमधल्या गप्पांचं ॲप झालं. त्याआधी २००४ मध्ये आलेला, फोटो शेअर करायचा 'फ्लिकर'ही त्यांच्या एका अर्धवट राहिलेल्या गेममधूनच निघाला होता. गेमलाच धरून बसले असते तर?

माझं मत झालंय की मोठ्या कंपन्यांसाठी बनवत असलेलं प्रॉडक्टमधलं खास मॉड्यूल आता थांबवावं. को-फाउंडरला अजिबात पटलेलं नाही. उद्या कडाक्याचं भांडण होणार.