शंभर कशाला धरायचं?

गेल्या आठवड्यात आठवीतला एक मुलगा टेस्टचा पेपर हातात घेऊन आला तो दारातच उभा राहिला. चपलाही काढेना. "काकू, माझं उत्तर बरोबर आहे. बाबापण म्हणाले, बरोबर आहे."

त्याच्या वडिलांचं इथे इंदूरात, मल्हारगंजात नमकीनचं दुकान आहे. प्रश्न साधाच होता: खरेदी ८० रुपये, विक्री १०० रुपये, तर नफा किती टक्के? पोरानं २० लिहिलं होतं. त्यावर लाल फुली, आणि शेजारी लाल पेननं २५.

मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. हा मुलगा सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसतो. शंभराची सेव विकली की वीस रुपये आपले, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. दुकानदार नफा विक्रीवर मोजतो आणि त्याला मार्जिन म्हणतो. शाळेच्या गणितात तो खरेदीवर मोजायचा असतो. वीस रुपये दोन्हीकडे तेच. ऐंशीला शंभर धरलं तर ते २५ टक्के, विक्रीच्या शंभराला शंभर धरलं तर २०. फुली मारताना कुणी एवढं एक वाक्य बोललं असतं तर ते लेकरू दोन दिवस रुसून बसलं नसतं. मला खरंच वाईट वाटलं. इतका नीट विचार करणारा मुलगा, आणि त्याला वाटलं की आपल्याला गणित येत नाही.

रामबागेतल्या या घरात शिकवणी घ्यायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. टक्केवारी सहावी-सातवीत भेटते ती थेट कॉलेजपर्यंत पिच्छा सोडत नाही. मुलं गुणाकार-भागाकारात क्वचितच अडतात. ती अडतात एका जागी: शंभर कशाला धरायचं? हे कळलं की बाकीचं गणित हातचं. पहिली काही वर्षं मी स्वतः सूत्रं पाठ करून घेत होते. शेकडा नफा बरोबर नफा गुणिले शंभर भागिले खरेदी. मुलं पाठ करायची, मार्क आणायची, आणि प्रश्नाचे शब्द जरा फिरवले की कोरी वही पुढे करायची.

मग एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला आपल्या भाषेनं दाखवली. आपण म्हणतो, "८० चे २५ टक्के." कशाचे, ते आधी, किती, ते मागाहून. हिंदीतही तसंच, "८० का २५ प्रतिशत." इंग्रजी वाक्यात मात्र २५ टक्के आधी येतात आणि ८० शेवटी. इंग्रजी माध्यमाचं मूल २५ वाचलं की लगेच हात चालवायला लागतं, वाक्य पुरतं वाचतच नाही. म्हणून माझ्याकडे नियम आहे: गणित आधी आपल्या भाषेत मोठ्यानं म्हणायचं. मराठी मुलांनी मराठीत, बाकीच्यांनी हिंदीत. "कशाचे?" याचं उत्तर तोंडातून आल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

माझे बाबा इथल्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर मुनीम होते. एम. टी. क्लॉथ मार्केट म्हटलं की इंदूरात कुणालाही कळतं. बाबांच्या तोंडी टक्का हा शब्द फारसा नसायचाच, शेकडा असायचा. दलाली शेकडा एक, व्याज दरमहा शेकडा दीड. जुन्या मराठी अंकगणितात व्याजाच्या प्रत्येक उदाहरणात "द. सा. द. शे." असे, म्हणजे दर साल दर शेकडा. त्या चार अक्षरांत सगळंच आलं: किती काळाला आणि कितीवर. आजच्या मुलांना नुसतं "आठ टक्के" दिसतं. वर्षाचे की महिन्याचे, हे विचारायचं त्यांना सुचत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं, म्हणजे ११५० सालचं, एक गणित मी दरवर्षी घालते. शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळावर वर्षाचं किती? उत्तर येतं नऊ पूर्णांक तीन पंचमांश. मग विचारते, हे द. सा. द. शे. किती झालं? साठ! मुलं चाट पडतात. महिन्याचे पाच ऐकायला केवढेसे वाटतात.

आजी त्याहून मागची. ती आण्यांत बोलायची. "चार आणे काम झालंय, बारा आणे बाकी आहे." १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी रुपया सोळा आण्यांचा होता. चार आणे म्हणजे पाव, आपले २५ टक्के. दोन आणे म्हणजे साडेबारा टक्के, आठवा भाग. एक आणा सव्वासहा टक्के. बाबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ होतं. पाऊणकी म्हणजे ७५ टक्क्यांचा पाढाच की. ते पाढे गेले याची मला हळहळ वाटते. त्यांतून मुलाच्या मनात आधी भाग उभा राहायचा, आकडा त्याच्या मागून यायचा.

पाढे परत आणणं माझ्या हाती नाही, पण रुपया-पैसा अजून आहे. टक्के म्हणजे रुपयामागे पैसे, एवढंच मी सांगते. सोन्याच्या दागिन्यावर ३ टक्के जीएसटी? रुपयाला तीन पैसे. शंभराला तीन रुपये, लाखाला तीन हजार. सराफ्यात आईबरोबर गेलेली मुलगी हे गणित उभ्या उभ्या करते, कागद लागत नाही.

अवघड असतात ती उलटी गणितं. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० झालं, तर मूळ किंमत किती? दहातली सात मुलं ११८० चे १८ टक्के काढतात, २१२ रुपये ४० पैसे वजा करतात आणि ९६७ रुपये ६० पैसे लिहून मोकळी होतात. इथे मी काही सांगत नाही. फक्त म्हणते, आता तुझ्या उत्तरावर १८ टक्के लाव आणि बघ. परत ११८० येत नाहीत हे दिसलं की चेहरा बदलतो. कर लावताना शंभर धरलं होतं मूळ किमतीला, काढताना धरलं बिलाला. रुपयामागे १८ पैसे लागले म्हणजे प्रत्येक रुपयाचे १ रुपया १८ पैसे झाले, मग ११८० मध्ये असे किती? हजार. सीतलामाता बाजारात साडीवर ५० टक्के आणि वर २० टक्के सूट असते तिथेही हेच. माझ्या जाऊबाई ७० टक्के धरून दोन हजारांच्या साडीला सहाशेच घेऊन गेल्या होत्या. पडले आठशे. दुसरे २० टक्के उरलेल्या हजारावरचे होते.

पण या वर्षी सगळ्यात जास्त शिकवलं ते बटाट्यांनी.

उन्हं तापली की आमच्याकडे बटाट्याचा कीस होतो, उपासासाठी वर्षभराचा. रविवारी पाच मुलं बोलावली, तो दुकानवाला मुलगाही होता. सोललेले बटाटे काट्यावर ठेवले, बरोबर ५ किलो केले. मी सांगितलं, बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. कडकडीत वाळल्यावर १० टक्के राहतं असं धरू. आता किसायच्या आधी सांगा, वाळलेला कीस किती भरेल?

किसणीचा आवाज सुरू झाला आणि गणितही. सातवीतल्या मुलीनं पहिलं उत्तर दिलं: ८० चे १० झाले, म्हणजे ७० टक्के पाणी गेलं. ५ किलोचे ७० टक्के साडेतीन किलो. उरला दीड किलो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाण्यात धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, गच्चीवर जुन्या सुती साडीवर कीस पसरला. साडीच्या एका टोकाला दगडाखाली कागद ठेवला: "१.५ किलो", खाली पाच सह्या.

दोन दिवसांनी कीस कुरकुरीत झाला. काट्यावर टाकला. १ किलो ४० ग्रॅम.

मुलांनी काटा बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेवढंच. कुणी कावळ्यांवर आळ घेतला, कुणी माझ्या धाकट्यावर. दुकानवाला मुलगा मात्र साडीपाशी उकिडवा बसून त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "काकू, ८० टक्के पाच किलोचे होते. १० टक्के पाच किलोचे नाहीत ना? ते या किसाचे आहेत."

मी काहीच बोलले नाही. त्यानं खडूनं गच्चीवरच मांडलं. पाणी सोडून बटाट्यात जे काही आहे ते ५ किलोचे २० टक्के, म्हणजे १ किलो. ते उन्हानं उडत नाही. वाळल्यावर तोच १ किलो किसाचा ९० टक्के झाला. मग अख्खा कीस १ किलो भागिले ०.९, म्हणजे १ किलो १११ ग्रॅम. त्यानं दोनदा तपासलं. सातवीतली मुलगी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिनं आपलं दीड किलो स्वतःच खोडलं.

"पण काकू, अजून ७१ ग्रॅम कमी आहेत."

कीस धुतलेलं पाणी मी टाकलं नव्हतं. पहिल्या दिवशीच ते निवळून ओतलं होतं आणि बादलीच्या तळाशी बसलेला पांढरा साका ताटलीत घालून कोपऱ्यात उन्हात ठेवला होता. ती ताटली दाखवली. पोरांनी चमच्यानं खरवडून तो साकाही तोलला. ५५ ग्रॅम.

एकूण १ किलो ९५ ग्रॅम. राहिलेले सोळा ग्रॅम कुठे गेले ते शोधायला दुकानवाला मुलगा खाली स्वयंपाकघरात गेला, आणि थोड्या वेळानं किसणी ओट्यावर उलटी करून आपटल्याचा आवाज आला.