मॉडेलमध्ये नसलेला कॅन

2013 च्या मे महिन्यातील एका सकाळी करवीर तालुक्यातील एका दूध संस्थेच्या कार्यालयात मी आकृत्यांचे सहा ए-फोर कागद टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा त्यांत काही चुकले असेल अशी शंका माझ्या मनाला शिवलीही नव्हती. आदल्या रात्री मी स्टारयूएमएल या आकृत्या काढण्याच्या साधनातील ‘व्हेरिफाय मॉडेल’ हा, आकृत्यांमागचे मॉडेल म्हणजे आराखडा तपासणारा, आदेश चालवून पाहिला होता आणि त्याने एकही चूक दाखवली नव्हती. एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टिम अ‍ॅनालिस्ट म्हणून स्वतंत्रपणे माझ्याकडे आलेले हे पहिलेच काम होते. दूध संकलनाची नोंद, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांनुसार दर, दर दहा दिवसांनी निघणारे बिल आणि त्यातून होणारी पशुखाद्याची व उचलीची कपात, एवढे सगळे संगणकावर आणायचे होते.

यूएमएल ही सॉफ्टवेअरचा आराखडा आकृत्यांत मांडण्याची भाषा मी एमसीए करताना शिकलो होतो, म्हणजे पेन्सिल व पट्टीने त्याच्या आकृत्या काढून परीक्षा दिली होती. बूच, रम्बॉ आणि जेकबसन या तिघांच्या वेगवेगळ्या पद्धती एकत्र होऊन ही भाषा घडली आणि 1997 मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने तिला मान्यता दिली, हे उत्तर मला पाठ होते. प्रत्यक्षात साधन हाताळण्याची वेळ आली ती नोकरीत. स्टारयूएमएलची पाचवी आवृत्ती विनामूल्य मिळत असल्यामुळे आमच्या कंपनीने तीच घेतली होती, आणि तिच्याशी ओळख करून घेण्यात माझे तीन आठवडे गेले.

त्यातला पहिला आठवडा वाया गेला असे म्हणायला हरकत नाही, कारण मी त्या साधनाकडे चित्रे काढण्याची पाटी म्हणूनच पाहत होतो. नवी आकृती काढताना प्रत्येक वेळी मी नवी चौकट ओढून आणत असे. परिणामी दूध घालणारा एकच माणूस एका आकृतीत ‘दूधउत्पादक’, दुसरीत ‘उत्पादक’ आणि तिसरीत ‘सभासद’ या नावांनी वावरू लागला. उजव्या बाजूच्या मॉडेल एक्सप्लोररमध्ये तिन्ही नावे एकाखाली एक दिसत होती. मी तिकडे बघतच नव्हतो. तिथली चौकट उचलून हव्या तितक्या आकृत्यांत ठेवता येते आणि एका ठिकाणी बदललेले नाव सगळीकडे बदलते, हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दाखवल्यावर मी तिघांचा एक ‘उत्पादक’ केला. (पुढे ‘सभासद’ पुन्हा वेगळा काढावा लागला, कारण संस्थेचा शेअर न घेतलेले लोकही दूध घालतात. पण निदान तो विचारपूर्वक काढला.)

संस्थेचे सचिव साठीच्या आसपासचे होते. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो होतो. आकृत्यांतील नावे मी मराठी शब्दांत पण रोमन लिपीत लिहिली होती, त्यामुळे प्रत्येक कागद मलाच वाचून दाखवावा लागत होता. कोण कोणते काम करतो ते दाखवणाऱ्या युजकेस आकृतीतील काडीच्या माणसांना पाहून ते हसले. वस्तूंचे प्रकार आणि त्यांची नाती दाखवणारी क्लास आकृती त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली. चौथ्या कागदावर माझा सर्वांत लाडका स्टेटचार्ट, म्हणजे एखादी वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते ते दाखवणारी आकृती, होता. काळ्या ठिपक्यापासून निघालेली ‘दूध पावती’ आधी ‘मोजली’, मग ‘तपासली’, मग ‘दर लागला’, मग ‘बिलात धरली’ अशा अवस्थांतून जाऊन शेवटच्या वर्तुळातील ठिपक्यात संपत होती. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हे प्रमाण धरून त्याखाली दर कसा उतरतो, तेही मी बाणावर लिहिले होते.

अण्णांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला आणि विचारले, “दूध नासलं तर ते ह्यात कुठं बसतं?”

मी म्हणालो, “अण्णा, घेतानाच वास आला तर तुम्ही परत करता ना? मग त्याची पावतीच होत नाही.”

“घेताना कुठं नासतंय? हितनं चांगलं जातंय. गाडी उशिरा आली, वर ऊन असलं, की सेंटरवर जाऊन नासतंय. पावती तर आदल्या दिवशीच दिलेली असती.”

एवढे बोलून त्यांनी कपाटातून संकलनाचे रजिस्टर काढले आणि त्याच महिन्यातले एक पान उघडले. शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. तीन आठवडे मी या रजिस्टरचे रकाने पाहून चौकटी आखत होतो आणि बहुतेक पानांवर रिकामा असलेला हा एकच रकाना मी सोडून दिला होता. त्या पानावर लाल शाईने लिहिले होते, ‘कॅन नं. 7 नासला, सेंटरवरून परत.’ शीतकरण केंद्रावर थोडे दूध परीक्षानळीत घेऊन तापवतात आणि ते फाटले तर तो कॅन घेत नाहीत. म्हणजे दूध चांगले की वाईट याचा शेवटचा निकाल माझ्या आकृतीच्या बाहेर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी लागत होता.

माझी पहिली धडपड तो प्रश्न कसाबसा त्याच कागदावर मिटवण्याची होती. मी ‘बिलात धरली’ या अवस्थेपासून मागे येणारा एक बाण पेन्सिलीने काढला आणि त्यावर ‘नासले’ असे लिहिले. अण्णांनी मान हलवली. कॅनमध्ये ज्याचे दूध होते त्याचे पैसे कापत नाहीत, ती तूट संस्था आपल्या खात्यावर घेते आणि गाडीमुळे नासले असेल तर दूध संघाकडे दाद मागते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे पावती मागे फिरतच नव्हती. ती दिली, बिलात धरली आणि शेतकऱ्यापुरता तो विषय संपला. मागे फिरत होता तो कॅन, आणि माझ्या संपूर्ण मॉडेलमध्ये कॅन नावाची वस्तूच नव्हती.

स्टेटचार्टची ही पद्धत डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये मांडली. इस्रायलमध्ये लढाऊ विमानाच्या उपकरणांवर काम करणाऱ्या अभियंत्यांना, अमुक अवस्थेत अमुक घडले तर पुढे काय, असे प्रश्न विचारता विचारता हॅरेल यांना ती सुचली होती. मी तिची चिन्हे बिनचूक शिकलो होतो, पण तो प्रश्न त्या कार्यालयात मी विचारला नाही. तो अण्णांनी विचारला. साधनाने चूक दाखवली नाही यात त्याचा काही दोष नव्हता. बाणाला टोक आहे की नाही, दोन वस्तूंचे नाते नियमात बसते की नाही, एवढेच ते तपासू शकते. जी चौकट काढलीच नाही तिच्याबद्दल ते काय बोलणार?

उरलेले दोन कागद मी दाखवलेच नाहीत. दुपारी संकलनाची जागा पुन्हा नीट पाहिली. चाळीस लिटरचे कॅन भिंतीला लागून उभे होते, गायीचे वेगळे आणि म्हशीचे वेगळे. एक कॅन भरत आला की माप घेतलेल्या दुधातले थोडे त्यात आणि उरलेले पुढच्या कॅनमध्ये ओतले जाते, असे तिथे काम करणाऱ्या मुलाने सांगितले. म्हणजे एका कॅनमध्ये अनेक पावत्यांचे दूध होते, हे तर उघडच होते. पण एका पावतीचे दूध दोन कॅनमध्येही जाऊ शकत होते.

संध्याकाळी कंपनीत परतून मी मॉडेल उघडले. मागे फिरणारा तो पेन्सिलीचा बाण मी वाटेतच मनातून पुसला होता. आता जुना स्टेटचार्ट मोकळा करावा म्हणून ‘दूध पावती’ निवडली आणि घाईत डिलीटऐवजी कंट्रोल-डिलीट दाबले. नुसत्या डिलीटने वस्तू त्या आकृतीपुरती जाते. कंट्रोल-डिलीटने ती मॉडेलमधूनच जाते. क्लास आकृतीतून पावती गेली, घटनांचा क्रम दाखवणाऱ्या सीक्वेन्स आकृतीतून गेली, तिला जोडलेल्या रेषाही गेल्या. अनडूने सगळे परत आले, परंतु त्या दोन-चार सेकंदांत एकाच वस्तूवर किती जागी काय काय उभे होते ते मला जितके स्पष्ट दिसले, तितके आधीच्या तीन आठवड्यांत दिसले नव्हते.

मग ‘कॅन’ आणि ‘पाठवणी’ असे दोन नवे क्लास मी जोडले. पावती आणि कॅन यांच्यामधील रेषेच्या दोन्ही टोकांना ‘एक किंवा अनेक’ असे लिहिले. पावतीचा स्टेटचार्ट होता तसाच राहिला. कॅनचा मात्र नवा तयार झाला: भरला, गाडीत चढवला, केंद्रावर तपासला, आणि तिथून दोन बाण, स्वीकारला किंवा परत आला. परत आलेल्या कॅनपासून निघालेली वाट तूट खात्याकडे गेली.

दोन महिन्यांनी सॉफ्टवेअरची पहिली चाचणी त्याच कार्यालयात झाली. नमुन्यादाखल कोणत्या नोंदी घालायच्या असे मी विचारले, तेव्हा अण्णांनी सातव्या कॅनचेच पान काढून दिले. तूट योग्य खात्यावर पडली. एका उत्पादकाच्या बिलात मात्र वहीपेक्षा चाळीस पैसे जास्त आले. अण्णा म्हणाले, “वरचे पैसे आम्ही सोडून देतो, नुसते रुपये धरतो.” हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते आणि तो नियम शेऱ्याच्या रकान्यातही लिहिलेला नव्हता. मी लॅपटॉपवर पुन्हा मॉडेल उघडले.