विंडोलांडा: चिखलाने जपलेली अक्षरे

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोस्टकार्डाएवढ्या एका लाकडी पत्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. इसवी सन १०० च्या सुमारास एका रोमन अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिने सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला आपल्या ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचे निमंत्रण त्या पत्रातून धाडले होते. मुख्य मजकूर लेखनिकाच्या सराईत हातचा आहे. पण खाली उजव्या बाजूला अक्षर एकदम बदलते, त्यातली सफाई जाते, आणि मैत्रिणीला बहीण म्हणून हाक मारत, तुझी वाट पाहते आहे, असे क्लॉडियाने स्वतःच्या हाताने लिहिलेले दिसते. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिनच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत या चार ओळींची गणना होते. हे पत्र उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन ठाण्याच्या ज्या मातीत सापडले ती माती पाहायचीच, असे मी तिथेच ठरवले.

न्यूकॅसलहून कार्लाइलकडे जाणाऱ्या रेल्वेने हॅल्टव्हिसलला उतरून मी पुढची बस धरली. रोमन सम्राट हेड्रियनची भिंत इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतली, म्हणून या बसलाही 'एडी १२२' (एडी म्हणजे इसवी सन) हेच नाव दिले आहे. ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांबीची आहे. विंडोलांडा तिच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर असले, तरी ते भिंतीहून जुने, इसवी सन ८५ च्या आसपासचे लष्करी ठाणे आहे.

आज तिथे तट, कोठारे आणि स्नानगृहे यांची दगडी जोती दिसतात. पण विंडोलांडाचे खरे धन या जोत्यांच्या खाली आहे. एक पलटण गेली की नव्याने येणारी पलटण जुन्या लाकडी इमारती पाडत असे, त्यांच्यावर माती आणि हिरवळीचे थर अंथरत असे आणि त्यावर आपले ठाणे उभारत असे. ओल्या, दाबल्या गेलेल्या त्या थरांत प्राणवायू शिरला नाही, त्यामुळे एरवी काही वर्षांत कुजून जाणारे लाकूड, चामडे आणि कापड तिथे एकोणीस शतके टिकले. १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना इथे लाकडाचे पातळ पापुद्रे सापडले. एकमेकांना चिकटलेले दोन पापुद्रे अलग करताच आत शाईची अक्षरे दिसली, पण हवा लागताच ती पुसट झाली आणि पुढे अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रणाच्या साहाय्याने वाचावी लागली.

तिथल्या संग्रहालयात मी सर्वाधिक वेळ पादत्राणांपाशी रेंगाळलो. आजवर पाच हजारांहून अधिक जोडे सापडले आहेत, आणि त्यांत लहान मुलांचेही आहेत. तळहातावर मावेल एवढा एक जोडा पाहून, या ठाण्यात केवळ सैनिक राहत नव्हते, हे पटवून द्यावे लागत नाही. कोणाला तरी पायमोजे, वहाणा आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याचे पत्र इथलेच. उधारीच्या एका यादीत गॅम्बॅक्स नावाच्या माणसाच्या नावापुढे दोन दिनारांची मिरी मांडलेली आहे. ही मिरी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्तमार्गे रोमन बाजारात आणि शेवटी साम्राज्याच्या या पार उत्तरेच्या टोकाला पोहोचली, हे मनात आले आणि त्या नोंदीवरून माझी नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे हाउसस्टेड्स हे दुसरे रोमन ठाणे पाहिले. कड्यावरची त्याची जागा भव्य आहे, सैनिकांचे सामुदायिक शौचालय आश्चर्य वाटावे इतके शाबूत आहे. पण माझे मन विंडोलांडातच होते. लेपिडिनाचा नवरा फ्लेव्हियस सेरिआलिस हा ऱ्हाइनच्या मुखाकडील बटाव्हियन लोकांच्या नवव्या पलटणीचा प्रमुख होता. इसवी सन १०५ च्या सुमारास ती पलटण डॅन्यूबकडे रवाना झाली, तेव्हा जुनी कागदपत्रे आगीत टाकण्यात आली, आणि बहुधा पावसाने ती आग पुरती पेटू दिली नाही. ज्या लाकडी घरात लेपिडिनाने ते निमंत्रण वाचले असेल, ते नंतरच्या दगडी बांधकामाखाली गाडले गेले आहे. मी गेलो त्या दिवशीही तिथे बारीक पाऊस पडत होता, आणि खणलेल्या चरांतली माती काळीभोर व चिकट दिसत होती.