लाकडी चौकटीतला अँड्रे डॉसन

शिकागोच्या उपनगरातल्या आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात एक जाड पारदर्शक डबी उभी आहे. आत पत्त्याएवढं एक कार्ड, बेसबॉल खेळाडूचा फोटो असलेलं. अशी कार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९८७ च्या संचातलं. त्या वर्षीच्या सगळ्या कार्डांना लाकडाच्या रेषांची तपकिरी किनार होती, त्यामुळे भिंतीवर लावलेली जुनी तसबीरच कुणीतरी लहान करून ठेवल्यासारखं वाटतं. फोटोत कॅनडातल्या माँट्रियल एक्सपोज संघाच्या गणवेशातला तिशीतला अँड्रे डॉसन आहे आणि त्या फोटोवर निळ्या मार्करने केलेली सही आहे, साठी ओलांडलेल्या अँड्रे डॉसनची.

अशा कार्डाला इथे बायबॅक म्हणतात. फोनवर दादाला सांगितलं तर त्याला आधी शेअर्सच आठवले, आणि मूळ कल्पना खरंच तीच आहे. कंपनी स्वतःच पूर्वी विकलेली कार्डं बाजारातून परत विकत घेते. मग ती खेळाडूकडून सही करून आणते, त्यावर छोटासा चकचकीत शिक्का मारते, आकडा घालते आणि नव्या पाकिटांतून पुन्हा विकायला काढते. टॉप्सच्या आर्काइव्ह्ज सिग्नेचर मालिकेत तर खोकं उघडलं की आत असं सीलबंद डबीतलं एकच कार्ड असतं.

सही केलेली कार्डं इतरही पुष्कळ मिळतात. काहींवर खेळाडूने आधी चिकटपट्टीवर केलेली सही नंतर डकवलेली असते, काही जुन्या कार्डांच्या नव्या नकला असतात. माझं मन बायबॅकवरच बसलं, कारण ते कार्ड खरोखर त्या वर्षीचं असतं. १९८७ मध्ये ते मेणकागदाच्या पाकिटात, च्युइंग गमच्या गुलाबी पट्टीसोबत कुणा पोराच्या हाती पडलेलं असतं. नंतरची वर्षं ते कुठल्या खोक्यात, कुठल्या माळ्यावर होतं कोण जाणे. फिरत फिरत ते पुन्हा कंपनीकडे आणि तिथून फोटोतल्या माणसाच्या टेबलावर पोहोचतं.

त्याच सुमारास मीही बबलगम चघळत होतो. शाळेच्या वाटेवरच्या टपरीवर बिग फन मिळायचं आणि त्यासोबत क्रिकेटपटूंची चित्रं. धावा जमवायच्या, विकेट जमवायच्या, दोनदा आलेलं चित्र मित्राला देऊन नवं घ्यायचं. मी माझी चित्रं भाताच्या शिताने वहीत चिकटवली होती. पुढे ती सोडवायला गेलो आणि जवळजवळ सगळी फाटली. इथे आल्यावर शेजारच्या निवृत्त आजोबांनी पहिल्यांदा कार्डांचा अल्बम माझ्यापुढे उघडला, तेव्हा मला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकेक पान उलटतानाचा त्यांचा हात मी ओळखला.

डॉसनची गोष्ट त्यांनीच सांगितली. माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममधल्या कडक कृत्रिम हिरवळीवर वर्षानुवर्षं धावून त्याचे गुडघे खिळखिळे झाले होते. त्याला खऱ्या गवतावर खेळायचं होतं, आणि शिकागोच्या कब्ज संघाच्या रिगली फील्ड या मैदानावर खरं गवत होतं. पण त्या हंगामात संघमालकांनी एकमेकांत संगनमत केलं होतं. करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना बाहेरचा कोणीच धड बोली लावत नव्हता. (पुढे लवादाने हे संगनमत मान्य केलं आणि १९९० मध्ये मालकांनी खेळाडूंना २८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.) १९८७ च्या वसंतात डॉसन आणि त्याचा एजंट ॲरिझोनामध्ये शिकागो कब्जच्या सराव शिबिरात गेले आणि त्यांनी कोरा करार पुढे ठेवला. आकडा तुम्हीच भरा म्हणाले. कब्जने मूळ पगार भरला पाच लाख डॉलर. आदल्या वर्षी तो दहा लाखांच्या वर कमवत होता, तरी त्याने ते मान्य केलं.

त्या मोसमात त्याने ४९ होमरन मारले, म्हणजे आपल्या षटकारासारखे चेंडू मैदानाबाहेर टोलवणारे फटके. संघ गटात शेवटचा आला, पण लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला डॉसन. रिगली फील्डवर तो उजव्या बाजूला उभा राहायचा, आणि त्याच्या मागच्या बाकांवरचे प्रेक्षक दोन्ही हात वर करून त्याला वाकून नमस्कार करायचे. आजोबांनी उठून ते करून दाखवलं, तेव्हा मला वारीतली माणसं आठवली.

तर माझं हे कार्ड. मी ते शहराजवळच्या एका हॉटेलात भरलेल्या प्रदर्शनात ४५ डॉलरला घेतलं. सही नसलेलं हेच कार्ड चिल्लर पैशात मिळतं, कारण त्या काळात कार्डं बेसुमार छापली गेली. खोकी विकत घेऊन नशीब आजमावायचं मी सोडून दिलं आहे. त्यात कोण निघेल सांगता येत नाही आणि पैसे भराभर जातात. ज्याच्यावर जीव आहे त्याचं एकच कार्ड शोधून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्डावरच्या आकड्याकडेही नीट बघायला हवं. '७/२०' असं दिसलं की वाटतं, जगात अशी वीसच. त्या वर्षाच्या त्या कार्डाची वीसच, हे खरं. पण त्याच खेळाडूची आधीच्या-नंतरच्या वर्षांची कार्डंही अशीच सही करून निघालेली असतात. सगळी मिळून बेरीज बरीच मोठी होते.

एकदा मी फसलोही. ऑनलाइन एक कार्ड स्वस्तात घेतलं, ते आलं उघड्या डबीतून, सील तुटलेलं. शिक्का खरा वाटत होता, सहीही बरी होती, पण मधल्या काळात काय झालं हे कळायला मार्गच नव्हता. इथे खोट्या सह्यांचा धंदा इतका मोठा होता की एफबीआयने त्यावर 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली आणि लोकांना तुरुंगात पाठवलं. म्हणून कंपनीचं सील महत्त्वाचं. ते तुटलेलं कार्ड मी कोणाला विकलं नाही, खणात ठेवून दिलं.

जुन्या कार्डावर शिक्का मारणं म्हणजे ते खराब करणं, असं मानणारे संग्राहक आहेत. मला त्यांचं म्हणणं कळतं, पण पटत नाही. १९८७ च्या पुठ्ठ्याला फार चकाकी नाही, त्यामुळे शाई छान बसते. पुढच्या काळातल्या गुळगुळीत कार्डांवर तिचे बुडबुडे येतात. माझ्या कार्डावरची सही सलग आहे, पेन एकदाही अडलेलं नाही. कोपऱ्यातला शिक्का डोळ्यांत खुपत नाही.

मला आणखी एक गोष्ट आवडते. हे कार्ड छापलं तेव्हा डॉसन शिकागोला आलाच नव्हता, म्हणून त्याच्या अंगावर एक्सपोजचा गणवेश आहे. कब्जच्या गणवेशातलं कार्ड टॉप्सने त्याच वर्षी नंतर, संघ बदललेल्यांच्या वेगळ्या संचात काढलं. २०१० मध्ये तो बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा त्याच्या फलकावरची टोपीही एक्सपोजचीच ठेवली गेली. त्याला कब्जची हवी होती. ती बदलावी म्हणून त्याने २०२३ मध्ये पत्र लिहिलं. मग या फोटोवर सही करताना त्याच्या मनात काय आलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

आजोबा गेल्या रविवारी आले होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी डबी उलटी केली आणि मागचे बारीक आकडे वाचत बसले. वर्षागणिक ओळी आहेत, शेवटची १९८६ ची, होमरन २०. त्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "बघ, याला अजून काहीच माहीत नाही."