चिमणीच्या चोचीतला चारा

'चिमणीने चोचीत चारा आणला.' दुसरीच्या वर्गात फळ्यावर मी हे वाक्य लिहिलं होतं. यात च चार वेळा येतो. 'चि' आणि 'ची' म्हणताना जीभ टाळूला टेकते, 'चो' आणि 'चारा' म्हणताना तिचं टोक वरच्या दातांमागे जातं. मराठी घरातलं मूल हे न शिकवता करतं. आपण दोन आवाज काढतोय हे त्याला माहीतही नसतं.

माझी शाळा नाशिकला, अंबडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. वर्गात चांदवड, सिन्नर, खानदेशाकडून आलेल्या घरांतली मुलं आहेत, तशीच उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कंपनीत कामाला आलेल्यांचीही आहेत. त्यातलीच एक मुलगी उभी राहिली आणि तिने वाक्य वाचलं. अक्षर ना अक्षर बरोबर, कुठे अडखळली नाही. पण चारही ठिकाणी च टाळूचाच. 'चारा' तर आकड्यातल्या चारला काना जोडल्यासारखा ऐकू आला. मागच्या बाकावरून कोणीतरी नक्कल केली आणि वर्ग हसला. ती खाली बसली. त्या दिवसापासून परिपाठात तिची वाचायची पाळी आली की तिचं पोट दुखायचं.

यात तिची काहीच चूक नव्हती, हे मला ठामपणे सांगायचं आहे. हिंदीत च एकच, टाळूचा. पुस्तकात आपले दोन्ही च एकसारखेच छापलेले. व्याकरणात तालव्य (टाळूचा) आणि दंततालव्य (दातांचा) असा भेद सांगितलेला असतो, पण तो मोठ्यांच्या पुस्तकात. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना मराठी वर्णमालेत जागा मिळाली, कारण बॅट आणि बॉल लिहायचे होते. चूल, चाक, चोर यांतल्या च साठी मात्र आजही वेगळी खूण नाही. मग हिंदी घरातल्या पोरीने तो शोधायचा कुठून?

एका सकाळी मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोन डबे टेबलावर मांडले. एक बिस्किटांचा, एक खडूचा. प्रत्येक जोडीला एक छोटा आरसा. म्हटलं, आज लिहायचं नाही, वाचायचं नाही. फक्त म्हणायचं आणि जीभ कुठे जाते ते सांगायचं.

"चिमणी." टाळू.
"चूल." इथे मुलं थबकली. पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. "मॅडम, दाताला लागते!"

मग गंमत सुरू झाली. शब्दपट्टी उचलायची, मोठ्याने म्हणायची, टाळूचा च बिस्किटांच्या डब्यात, दातांचा खडूच्या. 'चेंडू', 'चाक', 'चहा', 'चोर'. मराठी घरातली मुलं इथेच गोंधळली. म्हणताना बरोबर म्हणत आणि पट्टी भलत्याच डब्यात टाकत. लहानपणापासून दोन्ही आवाज तोंडात असल्यामुळे कानाला ते एकच वाटत होते. ती मुलगी अजून एकही शब्द बोलली नव्हती. नुसती ऐकत होती, आणि प्रत्येक चुकीच्या पट्टीला मान हलवत होती.

मी तिला डब्यांपाशी बोलावलं. "तू म्हणू नकोस. हे म्हणतील, तू डबा दाखव." तिने एकदाही डबा चुकवला नाही. 'पाच' आला, तिने खडूच्या डब्यावर बोट ठेवलं. लगेच 'पंचवटी' आला, बिस्किटांचा. रोज बसवर पंचवटी वाचणारी माझी मुलं तोंडाकडे बघत राहिली. पाच वडांवरून पंचवटी, पण पाचातला च दातांचा आणि पंचवटीतला टाळूचा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द टाळूचा च सोडत नाही. चंद्र आणि चांदणं यांचंही तसंच.

नक्कल करणाराच मुलगा मग विचारू लागला, "हिला कसं कळतं?" मी म्हटलं, तिलाच विचार. तिने उत्तर दिलं ते च चं नव्हतंच, झ चं होतं; झ चेही असेच दोन आवाज. "माझा भाई में अलग है, माझी दीदी में अलग है." मी तिला आरशात बघून दोन्ही म्हणायला लावलं. माझा. माझी. पहिल्यांदाच तिच्या तोंडून दातांचा झ स्वच्छ आला.

तिथून नियम मुलांनीच काढला. पुढे इ, ई, ए किंवा य आला की आवाज टाळूकडे सरकतो: चोच पण चोची, माझा पण माझ्या. दुसरीच्या मुलांना हे व्याकरण म्हणून शिकवलं असतं तर डोक्यावरून गेलं असतं. 'चार' मात्र या नियमात बसेना. त्यावरून वर्गात भांडण झालं. जुन्या कागदांत 'च्यार' असंही लिहिलेलं सापडतं, तो य लिहिण्यातून गेला तरी आवाज मागे राहिला, असं सांगितल्यावर भांडण मिटलं.

पुढच्या आठवड्यात ज घेतला. आई भाजी विकते त्या मुलाने 'जून भेंडी' आणि 'जून महिना' अशी जोडी आणली, आणि एकच पट्टी दोनदा लिहावी लागली. हिंदीत ज़ खाली नुक्ता देतात, ते त्या मुलीला ठाऊक होतं. त्यामुळे तिच्या वहीत दातांच्या च, ज, झ खाली आम्ही पेन्सिलीने ठिपका देऊ लागलो. इतर दोघा-तिघांनीही तो मागून घेतला. माझ्यासारखे वर्ग असलेल्या शिक्षकांनी सुरुवात 'माझा-माझी'पासून करावी, कारण तिथे दोन्ही आवाज शेजारी-शेजारी मिळतात. आणि मूल वाचत असताना मध्येच थांबवून उच्चार सुधारू नये, वाक्य पूर्ण होऊ द्यावं.

आता परिपाठात ती वाचते. 'चाळीस' आणि 'चाळ' यांत अजून अडखळते. 'चाळ'खाली ठिपका ठेवला आहे. 'चूल', 'चोर', 'माझा' यांखालचे ठिपके तिने स्वतःच खोडले.