समुद्राकाठचा बेदाणा

सप्टेंबरचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या तासगाव भागात द्राक्षाच्या फळछाटणीची घाई. छाटणी, मग फुटवा एकसारखा यावा म्हणून काड्यांना पेस्ट, मजुरांच्या टोळ्यांची पळवापळव आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. अशा दिवसांत धाकट्या भावाला बागेत एकटं टाकून मी इटलीला गेलो. घरी याबद्दल जे बोललं गेलं ते इथं लिहीत नाही.

भाची मिलानला शिकते. तिचा फोन आला, "मामा, इथं आत्ता द्राक्षं काढायला सुरुवात झालीय. समुद्राच्या अगदी कडेला, डोंगराच्या उतारावर. तू बघायलाच हवंस." मी शाळामास्तर, पण जन्म बागेतला. सप्टेंबरात माल निघतो हेच डोक्यात बसेना. आमचा वेल वर्षातून दोनदा छाटायचा, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे फळछाटणी, तेव्हा कुठं फेब्रुवारी-मार्चात माल हाती. तिथं थंडीत वेल आपोआप झोपी जातो. एकच छाटणी, वसंतात फुटवा, पावसाळा-उन्हाळ्याचं भांडण नाही. ऐकूनच हेवा वाटला.

मिलानहून रेल्वेने सुमारे तीन तासांत ला स्पेत्सिया, तिथून लोकल. बोगदा, चमचाभर समुद्र, पुन्हा बोगदा, असं करत पाच गावं येतात: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, वेर्नात्सा, मोंतेरोस्सो. मिळून चिंक्वे तेर्रे. 1997 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि ते फलाटावर उतरल्याबरोबर कळतं. दादरला संध्याकाळी सहा वाजता असते तेवढी गर्दी, फक्त सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. मानारोलाच्या धक्क्यावर गुलाबी-पिवळ्या घरांचा फोटो काढायला चक्क रांग होती. मी त्या घरांकडे पाठ करून वर बघत उभा होतो. घरांच्या मागे डोंगरावर, जिथं आमच्याकडे शेळीसुद्धा दोनदा विचार करेल, तिथं दगडी ताली होत्या, उतार भिंतींनी अडवून केलेल्या पायऱ्यांसारख्या पट्ट्या. एकीवर एक, थेट ढगापर्यंत. आणि प्रत्येक तालीवर द्राक्षाच्या एकदोन ओळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या बसने वरच्या वोलास्त्रा गावाला चढलो आणि तिथून कोर्नील्याच्या वाटेला लागलो. ही पायवाट बागांच्या मधूनच जाते. एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला वेल आणि वेलाच्या खाली, बऱ्याच खाली, निळा समुद्र. भाची फोटो काढत होती. मी भिंती बघत होतो. सिमेंटचा कण नाही, दगडावर दगड अंदाजाने बसवलेला. मुद्दाम तसा, पावसाचं पाणी अडून न राहता फटींतून झिरपून जावं म्हणून. पण एक दगड निसटला आणि बघायला माणूस नसला की भिंतीला पोट येतं, मग ती खालच्या तालीवर बसते. गेल्या शतकात बरीच माणसं ला स्पेत्सियाच्या आरमारी गोदीत नोकरीला गेली, नंतरची पर्यटनात आली. कितीतरी ताली पडीक पडल्या, त्यांच्यावर झाडी माजली. 25 ऑक्टोबर 2011 ला आभाळ फाटलं तेव्हा वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेले. मूळ कारण पाऊसच, पण ढासळत्या पडीक तालींनी त्यात भर घातली. ज्या गावाचे फोटो लोक काढतात ते गाव वरच्या भिंतींनी धरून ठेवलंय, हे खालून दिसत नाही.

वाटेत एका बागेत तोडणी चालली होती. चारपाच माणसं असावीत, पण दिसत कोणीच नव्हतं, नुसते आवाज. वाकून बघितलं तर सगळी मांडवाखाली गुडघ्यांवर. आमच्या मांडवाखालून माणूस ताठ चालतो, वर हात करून घड धरतो. इथला मांडव कमरेलाही येत नाही. खारा वारा वेलाला झोडपू नये म्हणून तो पूर्वीपासून असाच बुटका. त्यात रानडुकरांसाठी कुंपण. या शेतीला तिकडे 'वीरांची द्राक्षशेती' म्हणतात. आमच्याकडे अशा शेतीला 'परवडत नाही' म्हणतात.

भाचीने इटालियनमध्ये माझी ओळख करून दिली. बागवाल्या बाईंनी गुडघ्यावरूनच मान वर करून विचारलं, बाग केवढी? भाचीने तीन एकर सांगितलं, मग त्यांच्या मापात समजावलं. बाई हसल्या. त्यांची सगळी मिळून त्याच्या निम्मीही नव्हती, आणि तीही अकरा तुकड्यांत. मी दोन ओळी तोडू का विचारलं, तर ठाम नकार. विमा नाही, कागद नाही, तपासणी आली तर दंड. म्हटलं ठीक आहे, बघतो. एक घड मात्र हातावर ठेवला. ही जात बॉस्को. तिच्या जोडीला अल्बारोला आणि वर्मेंतीनो असतात. बॉस्कोचा मणी बारका, साल जाड, घड सुटा. चावला तर दाताखाली बी. आमची बिनबियांची तास-ए-गणेश खाऊन वाढलेला माणूस मी, बी कुठं थुंकावं कळेना. पण गोडी! आणि गोडीच्या मागून ओठांवर मीठ. ते द्राक्षाचं की वाऱ्याचं, मला ठरवता आलं नाही.

भरलेले क्रेट कसे उतरवतात ते बघायला अर्धा तास थांबलो. बागेच्या कडेने एकच दातेरी रूळ डोंगरावर चढवलेला, त्याला लटकल्यासारखं मोपेडच्या आवाजाचं इंजिन आणि मागे दोन उघड्या ट्रॉल्या. चढ असा की शिडी म्हणावी. पूर्वी हेच ओझं बायामाणसं टोपल्यांतून डोक्या-पाठीवर वाहायची. भावाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं, "अनुदान?"

संध्याकाळी बाईंनी घरी बोलावलं. माळ्यावर गेलो आणि पायच थबकले. लाकडी चौकटींना जाळ्या ठोकलेल्या, त्यांवर एकेक घड सुटा पसरलेला, खिडक्या उघड्या, सावली आणि वारा. हे तर आमचं बेदाण्याचं शेड! फरक एवढाच की आम्ही द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतो, पंधरवड्यात बेदाणा तयार. इथं काही लावत नाहीत. नुसता वारा. नियमाने 1 नोव्हेंबरच्या आत या द्राक्षांचा रस काढायचा नाही. मग मणी हाताने देठापासून सोडवतात, आणि शंभर किलो ताज्या द्राक्षांमागे जेमतेम पंचवीस-तीस लिटर वाईन निघते. तिचं नाव शाक्केत्रा. आम्हाला चार किलोला एक किलो बेदाणा मिळतो म्हणून आम्ही रडतो.

जाळीजवळ बाईंची आई खुर्चीवर बसून खराब मणी वेचत होती. निवडणीला बसलेल्या आमच्या बायकांसारखीच, नजर जाळीवर आणि तोंड चालू. मी शेजारी उभा राहिलो, एक काळवंडलेला मणी दिसला, हात आपोआप गेला. मग दुसरा. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, स्टूल पायाने सरकवून दिलं. विमा-दंडाचं कोणी काढलं नाही.

खाली जेवायला मोंतेरोस्सोची खारवलेली आन्चोव्ही होती, आपल्या मांदेलीची चुलत बहीण, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल. तिच्याबरोबर तिथली साधी पांढरी वाईन, कोरडी, मला आंबटच वाटली, पण माशाबरोबर बेत जमला. शेवटी बारक्या पेल्यात शाक्केत्रा. रंग गुळाच्या पातळ काकवीचा. वास जर्दाळूचा आणि मधाचा, आणि शेवटच्या घोटात पुन्हा तेच मीठ. एवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिच्या गळ्यात माळ. हातातलं काय म्हणून विचारलं. खोटं कशाला बोला, म्हटलं, बेदाण्याचं पाणी. "ताप आलाय का रे तुला?" आमच्याकडे ते आजाऱ्याला देतात.

परत येताना पावणेचारशे मिलीची एक बाटली घेतली, पन्नास युरो मोजून. घरी भावाने ती उजेडात धरली, लेबल उलटसुलट बघितलं आणि कॅल्क्युलेटर काढला. युरोचे रुपये केले, मिलीचे लिटर, लिटरचे किलो. बराच वेळ आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आणि तोडणीला मजूर मिळतात त्यांना?"

"घरचीच माणसं," मी म्हटलं. "गुडघ्यावर."

त्याने कॅल्क्युलेटर बंद केला आणि पेस्ट कालवायला बागेत निघून गेला.